दहा रायफलींचे बोल्ट

लहानशा रायफल कारखान्यातला तो जुना फिटर. तीस वर्षं कानस चालवून त्याच्या बोटांना जणू डोळे फुटले होते. नळी मागून बंद करणारा बोल्ट तो ज्या त्या रायफलीत घासूनपुसून असा बसवी, की मध्ये केस शिरणार नाही. नदीपलीकडच्या तेवढ्याच लहान कारखान्यात त्याचा धाकटा साडू होता. त्याला कानस कधी साधली नाही. तो सगळं गेज लावून, एकाच ठरल्या मापाचं करी.

"आमचे साडूबुवा गेज लावल्याशिवाय जेवतही नाहीत," असं फिटर चारचौघांत म्हणे.

सैन्याच्या कंत्राटासाठी दोघांच्या दहा-दहा रायफली चाचणीला गेल्या. नेमात फिटरच्या सरस ठरल्या. मग अधिकाऱ्याने प्रत्येकाचे दहाही बोल्ट काढून वेगवेगळ्या पेटीत मिसळले आणि हाताला येईल तो बसवायला सांगितलं. साडूच्या दहाही रायफलींत बोल्ट नीट बसले. फिटरच्या दोनच रायफलींत.

"हात सोन्याचा आहे," अधिकारी म्हणाला, "पण लढाईत बोल्ट बदलायला तुम्हाला कुणाकुणा शिपायाच्या खांद्यावर बसवून न्यायचं?"

कंत्राट नदीपलीकडे गेलं. फिटरच्या पोटात दुखायला लागलं. साडूचा एक बोल्ट उचलून त्याने त्यावर सावकाश नख फिरवलं. खोट सापडेना.

"ढिला बसतो हो तुमचा," तो शेवटी म्हणाला.

"म्हणून तर कुठेही बसतो, दादा. तुमच्यासारखा हात असता, तर मीही हरलो असतो."

साडू चिडवतोय की मनापासून बोलतोय, हे फिटरला कळेना. चिडवत असता तर बरं झालं असतं. निदान धड भांडता तरी आलं असतं.