यादीत नसलेला शब्द

लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तंजावूरच्या आमच्या घरात मराठी पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. देवनागरीत लिहायला मात्र मी निवृत्तीनंतर शिकले. शिवाय आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईने असे काही सांगावे, याचाही संकोच वाटतो... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता.

पक्षाघाताने माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची, वाचा गेली. त्याच्या सरावासाठी मी एक प्रोग्राम लिहिला. माईकवरून शब्द ओळखणारा भाग सी भाषेतला, दुसऱ्यांनी तयार केलेला. तो शब्द माझ्या लॅपटॉपवर दाखवणारा भाग पायथन या दुसऱ्या भाषेतला, माझा. दोघांना जोडणारे ते कॉलबॅक फंक्शन — कपडे शिवून झाले की कळव म्हणून शिंप्याकडे आपला नंबर ठेवून यावा, तसे. शब्द सापडला की सीने पायथनला हाक मारायची आणि तो हाती द्यायचा. यादीत वीस शब्द होते : पाणी, कापी (म्हणजे कॉफी), औषध... त्यांपलीकडचा शब्द ओळखणे प्रोग्रामला शक्यच नव्हते.

सात आठवडे एकही शब्द आला नाही. एके दुपारी चार वाजता, मेलवीथी रस्त्यावरच्या आमच्या घराच्या हॉलमध्ये, अण्णाने माईक दूर सारला आणि हाताने खूण केली — बस्स झाले. मी त्याच्यासमोर कापी ठेवली आणि लॅपटॉप बंद करायला वळले.

पडद्यावर शब्द होता : साखर.

डॉक्टरांनी साखर बंद केली होती, म्हणून तो शब्द मी मुद्दाम गाळला होता! अण्णाची लेक मैथिली, जिने मला प्रोग्रामिंग शिकवले, ती हसली.

"आत्या, मेमरीतला कचरा आहे तो. तुझ्या कॉलबॅकला चुकीचा पत्ता मिळाला."

"कचरा इतक्या शुद्ध मराठीत येतो?"

"अय्यो, तुला शिकवलं हीच माझी चूक!"

तेवढ्यात मागून आवाज आला — जड, ओढलेला, चांगलाच रागावलेला.

"सा... खर!"

अण्णाने कापीचा पेला पुढे ढकलला होता. पडदा माझ्याकडे वळलेला. त्याला तो दिसणे शक्य नव्हते, आणि तो शब्द आम्ही दोघींनी उच्चारलाही नव्हता. मैथिली रडत ओरडली, "घाल आत्या, एक चमचा घाल! आज डॉक्टर गेले उडत!"

नंतर आम्ही दोघींनी सारे तपासले. कॉलबॅक आला त्या क्षणी रेकॉर्डिंगमध्ये फक्त पंख्याची घरघर आहे. अण्णाचा शब्द त्यानंतर चाळीस सेकंदांनी येतो. प्रोग्राममध्ये 'साखर' कुठेही नाही. पुन्हा तसे कधी घडले नाही. कारण आजही सापडलेले नाही.

अण्णा आता छोटी वाक्ये बोलतो. येणाऱ्या प्रत्येकाला छाती काढून सांगतो, "मशीन हरली. पहिला शब्द... माझा मी... आणला."

तो शब्द आधी पडद्यावर आला होता, हे आम्ही त्याला अजून सांगितलेले नाही. सांगावे का?