स्वच्छ शौचालयाची फिर्याद

पोलीस अधिकारी आरोपीचा चेहरा कधीच विसरत नाही, असं म्हणतात. मी बरेच विसरलो आहे. हा मात्र आठवला की अजून दचकायला होतं.

प्रकरण सुरू झालं ते कौतुकाच्या पत्राने. बडोद्याच्या गोत्री भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने वनखात्याला लिहिलं होतं, 'बडोद्याजवळच्या तुमच्या जंगलातल्या तलावावर देखभालीचं शुल्क घेतात, पण कठडा भक्कम आणि शौचालय लख्ख आहे. अभिनंदन!'

पत्र घेऊन वनाधिकारी ठाण्यात आले. चेहरा पांढराफटक.

"साहेब, तिथे आमचं फाटकच नाही!"

मी सुन्न झालो. सहा वर्षं आम्ही त्याच फाटकातून सहलीला जात होतो. सरकारी जीप दिसली की खाकी कपड्यांतला माणूस सलाम ठोकायचा आणि आडवा बांबू वर जायचा. त्यामुळे पावती एकाही सरकारी माणसाने पाहिली नव्हती.

हवालदाराला साध्या वेशात पाठवलं. त्याला पावती मिळाली, वर दटावणीही, "काका, प्लास्टिक इथेच ठेवा." त्याच पावतीवर आम्ही त्या माणसाला उचललं.

चौकशीत त्याने काहीच लपवलं नाही. तो तिथलाच जुना रोजंदार. तलावाच्या देखभालीची सरकारी योजना बंद पडली, रोजगार गेला, शौचालयाची किल्ली मात्र कुणी परत मागितली नाही.

"कठडा तुटून एक बेन पाण्यात पडता पडता वाचली, साहेब. तीन अर्ज केले. मग बांबू लावला."

"पोलिसांकडून शुल्क का नाही घेतलंस?"

"तुम्ही दिलं असतं?"

हवालदाराला एकदम खोकला आला.

झडतीत ऐवज सापडेल अशी खात्री होती. सापडले चुन्याचे डबे, दोर, खराटे. फसवणूक आणि लोकसेवक असल्याची बतावणी, अशी कलमं लावली. दुसरा इलाज नव्हता. जीपमध्ये बसताना त्याने किल्ली माझ्या हातात दिली.

"फिनाईल संपत आलंय, साहेब."

कायद्याला हेतू नव्हे, शिक्का लागतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

निवृत्तीनंतर पत्नीला घेऊन तिथे गेलो. आता अधिकृत फाटक आहे, उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे. आयुष्यात प्रथमच पावती फाडली. शौचालयाला कुलूप होतं. खटला अजून चालू आहे, आणि किल्ली आमच्या ठाण्यात मुद्देमाल म्हणून जमा आहे.