एका डब्यातल्या गोळ्या

कोल्हापुरात बरीच वर्षं नर्सगिरी केल्यावर मला गोळ्या मोजायचं काम मिळालं. गुडघेदुखीवर हळदीच्या अर्काची एक गोळी होती. औषध नव्हे, पूरक आहार. कुणीही दुकानातून उचलून आणावी अशी. ती खरंच लागू पडते का आणि खाऊन काही बाधत तर नाही ना, हे आमच्या डॉक्टरांना काही गावांत तपासून बघायचं होतं. माझ्या वाट्याला आलेल्या, कागलच्या पुढच्या एका गावातल्या, म्हशी पाळणाऱ्या बारा बायका त्यासाठी तयार झाल्या.

नियम साधा होता. सहा जणींना खरी गोळी, सहा जणींना हुबेहूब तशीच, पण आत नुसती पिठी. कुणाला कुठली ते त्यांना ठाऊक नाही आणि मलाही नाही. यादी डॉक्टरांच्या कपाटात. हे मी देवळाच्या कट्ट्यावर बसून तीनदा समजावलं. माझा आवाज मुळातच मोठा, त्यामुळे ऐकू आलं नाही असं कुणी म्हणूच शकत नव्हतं.

त्यातल्या एका काकूंवर माझा जीव जडला. साठी उलटलेली, गुडघे सुजलेले, बसताना "आई गं" आणि उठताना "मेले गं". त्यांची म्हैस दुसऱ्या कुणाचा हातच लावून घ्यायची नाही. सुनेनं बादली नेली की पान्हा चोरायची. लेकानं सांगून टाकलं होतं, "म्हस गाभण हाय तवर गिऱ्हाईक हाय. तीन महिन्यांत तुझं गुडघं ऐकलं न्हाईत तर इकून टाकायची." काकू मला म्हणायच्या, "ताई, माझ्या बाटलीत खरी घाला की ओ!" मी खेकसायचे, "माझ्या हातात काय आहे, काकू?" पण मनातून मलाही तेच वाटायचं. वाटू नये, पण वाटायचं.

दर पंधरा दिवसांनी मी एसटीनं जायचे. दुखणं किती, पाट घेऊन बसता येतं का, सगळं लिहून घ्यायचे. काकूंचं दुखणं हळूहळू उतरत गेलं. तिसऱ्या महिन्यात तर मी पोचले तेव्हा त्या गोठ्यात उकिडव्या बसून धार काढत होत्या! मला इतका आनंद झाला की चपला न काढताच मी गोठ्यात शिरले, आणि म्हशीनं शेपटीनं माझं तोंड पुसलं.

गोळ्या शेवटी एकदाच मोजायच्या होत्या, म्हणून मग मी बाटल्या मागितल्या. एकीच्या बाटलीत जिरं, दुसरीच्या बाटलीत हळद. अगं बाई! गोळ्या कुठायत? काकूंनी आतून स्टीलचा मोठा डबा आणला. बाराही जणींच्या गोळ्या त्यात एकत्र.

"हे काय केलंत?"

"वाटून खाल्ल्या की," बाराजणींतलीच एक, काकूंची शेजारीण म्हणाली. "काकीला खोटी आली असती तर म्हस गेली असती. मिसळल्यावर थोडी तरी खरी पोटात जाणारच."

मी कपाळावर हात मारला. तीन महिन्यांचं काम पाण्यात! जे तोंडाला आलं ते बोलले. सगळ्या खाली मान घालून ऐकत होत्या आणि एकीनं मधेच चहा ठेवला.

परतताना एसटीत वाटलं, गप्प बसावं. आकडे किती छान होते! पण खोटं लिहायचं तर पिठीच्या गोळीत आणि माझ्यात फरक काय? डॉक्टरांना सगळं सांगितलं. गाव बाद झालं आणि समजावून सांगण्यात मी कमी पडले, हेही ऐकून घेतलं. ते खरंच होतं.

दोनेक महिन्यांनी बाकीच्या गावांचा निकाल आला. गोळी बाधत नाही. पण खरी खाणाऱ्या आणि पिठी खाणाऱ्या, दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलेलं. हे सांगायला मी मुद्दाम त्या गावी गेले. म्हैस दारातच होती, पायाशी रेडकू.

काकूंनी विचारलं, "मग माझं गुडघं कशानं ऐकलं?"

"मला काय माहीत?"

"गोळी लागू पडाय पायजे म्हणून तीन महिनं काकीला आमी वज्जं उचलू दिलं न्हाय," शेजारीण म्हणाली. "वैरण, पाणी, शेण, पाळी लावून आमीच केलं. आजून करतोय की."

माझ्या फॉर्मात चाळीस प्रश्न होते, आणि हा एकही नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते शेणाच्या वासानं, असं मी त्यांना सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही.

निघताना काकूंनी खरवसाचा डबा हातात दिला. "बाराजणींत वाटला, ह्यो तुमचा. आन वड्या मोजत बसू नकासा, खावा."

एसटीत डबा मांडीवर ठेवला. कागल यायच्या आत तो रिकामा झाला. किती वड्या होत्या, मला सांगता येणार नाही.