जिन्याची उजवी बाजू

आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या कमिटीत आम्ही पाच जण होतो आणि पाचही सुशिक्षित. म्हणजे एका माणसाने पाच मिनिटांत उरकायचं काम आम्ही वर्षभर चघळत बसायचो. मतदान कधीही घ्यायचं नाही, हा आमचा बाणा. रोज एकाच जिन्यात भेटायचं, मग वाईटपणा कशाला घ्या? सगळं कसं सर्वानुमते!

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेला. इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याला कठडा एकाच बाजूला, चढताना उजव्या हाताला आणि उतरताना डाव्या. त्यामुळे काका वर चढू शकले असते, पण आधी खाली उतरणार कसे? काकूंनी अर्ज दिला की भिंतीच्या बाजूला धरायला एक दांडा बसवू द्या, आमच्या खर्चाने. "यांना संध्याकाळी खाली बाकावर बसायचंय हो, बाकी काही नाही."

झालं, चर्चेला ऊत आला. दांडा स्टीलचा की लाकडी? उद्या कोणाचं कपाट वर न्यायचं झालं तर? आणि दर बैठकीला प्रत्येकाचं एकच पालुपद, "माझी काही हरकत नाही, पण बाकीच्यांचं काय?" मीही शहाणा तेच म्हणत होतो, चहात बिस्कीट बुडवत. सेक्रेटरींना दांडा नको आहे, असं मी त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारायची माझी काय बिशाद! विषय पुढच्या बैठकीत, पुन्हा पुढच्या बैठकीत. असे अकरा महिने गेले. काकांना तपासायला डॉक्टरही घरीच यायचे.

शेवटी काकूंनी दुसरीकडे तळमजल्यावर जागा घेतली. सामान टेम्पोत चढलं, तेव्हा आम्ही पाचही जण निरोप द्यायला हजर. त्यात मात्र आमचं लगेच एकमत झालं होतं.

"आता जातेच आहे, तर सांगून टाका," काकू म्हणाल्या. "दांडा नको कोणाला होता?"

मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"अहो, मला वाटलं तुम्हालाच नको आहे," ते मला म्हणाले. उरलेले तिघे आपापल्या चपला न्याहाळत होते.

"म्हणजे नको असं कोणीच म्हटलं नव्हतं?" काकूंनी विचारलं.

मला स्वतःची किळस आली.

तेवढ्यात दोन हमाल काकांना खुर्चीत बसवून जिना उतरू लागले. प्रत्येक पायरीला काकांचा उजवा हात भिंत चाचपत होता.