मांडवापाशी अडलेला बंब

सुक्या झावळ्यांचा वास आला की मला कुंभकोणमची आमची गल्ली आठवते. गावासाठी आगीचा एकच नवा बंब घेणं परवडणार होतं आणि बाबा ते ठरवणाऱ्या समितीत होते. लहान बंब गल्लीबोळांत शिरेल, पण त्यात पाणी थोडं. म्हणून बाबा मोठ्याच्या बाजूचे. त्या दुपारी मोठा बंब चाचणीसाठी आमच्या गल्लीत आला आणि शेजारच्या लग्नासाठी गल्लीभर घातलेल्या झावळ्यांच्या ठेंगण्या मांडवापाशी अडला. लोक हसत होते, तेवढ्यात पलीकडे आमच्याच स्वयंपाकघरातून धूर निघाला. आई आत होती. बाबा मांडवाखालून धावत गेले आणि धुरात दिसेनासे झाले. "खांब काढा!" ड्रायव्हर ओरडला. पण उद्याच्या लग्नाचा उभा मांडव मोडायचा अपशकुन कोण करणार? कुणी हात लावेना. मग हळद लागलेली नवरीच ओट्यावरून उतरली. "माणसं आंत जळत असतां कोणचं लग्न?" म्हणत तिनं केळीचा खुंट उपटला, तेव्हा कुठे बाकीचे हात हलले. खांब निघाले, बंब पुढे गेला, आग विझली आणि आई-बाबा खोकत बाहेर आले. बाबांनी मत दिलं ते लहान बंबाला. आजही कुठल्या लग्नाला गेलो की मी आधी मांडवाची उंची बघतो, मग नवरानवरी.