रुपरावांचा शेक आणि आमच्या घरचा गोळाभात

रुपराव वाढायला आले की पंगतीतले लोक पानावर दोन्ही हात आडवे धरत, आणि रुपराव बोटांच्या फटीतून बुंदी सोडत. नरखेड तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, त्याच्या बोटांना एकदा तरी ती बुंदी चिकटलेली असणार. नोकरी एसटीत ड्रायव्हरची, पण ओळख आग्रहाची. ड्युटी नसली आणि गावात लग्न असलं की हा माणूस कमरेला टॉवेल खोचून, डाव्या हातात बादली घेऊन उभा. एकदा एक तहसीलदार पंगतीला बसले होते. "बस, बस, मला साखरेचा त्रास आहे," म्हणाले. रुपराव म्हणाले, "तरास कचेरीत, साहेब. इथं तुम्ही वऱ्हाडी." तहसीलदारांनी बुंदी खाल्ली आणि पुढे बदली होऊन गेले. दोन्हींचा काही संबंध नाही, पण गावात अजून एकत्रच सांगतात.

ह्याच रुपरावांच्या मुलाला मी माझी लेक दिली. म्हणजे ते माझे व्याही. आमच्याकडे म्हणतात इवाई. लग्नात वरबापानं लोडाला टेकून मान घ्यायचा असतो. हे गृहस्थ फेटा काढून, बादली उचलून आमच्याच, मुलीकडच्या पाहुण्यांना वाढायला निघाले. मी मागे धावतोय, "अहो इवाई, तुम्ही बसा जी," आणि ते म्हणतात, "तुम्हीच बसा, पान वाढतो." बसलो. काय करणार. पुढे नात झाली, ऋतुजा. तिच्या बारशालाच रुपरावांनी चारचौघांत सांगून टाकलं, "हिच्या लग्नात पयल्या पंगतीची बुंदी माह्या हातची."

मागच्या साली ऋतुजाचं लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली, आणि त्याच उन्हाळ्यात रुपरावांना गाठ निघाली. शौचातून रक्त जायचं. ते मूळव्याध समजून झाडपाल्याचं औषध घेत राहिले. शेवटी त्यांच्या सुनेनं, म्हणजे आमच्या लेकीनं, दम देऊन त्यांना नागपूरला आणलं. मी इथे मुलाकडे मानेवाड्याला राहतो, तेव्हा धंतोलीच्या दवाखान्यात सोबत मीच.

तिथे डॉक्टर हिमानी म्हणून एक तरुण बाई. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ कॅन्सरची, आतड्याच्या अगदी शेवटी. आधी रेडिएशन आणि सोबत गोळ्या. काहींची गाठ तेवढ्यानं पूर्ण विरघळते. मग कापत नाहीत, वरचेवर तपासतात. ज्यांची उरते त्यांचं ऑपरेशन. आणि रुपरावांची इतकी खाली होती की ऑपरेशन झालं तर शौचाची वाट कायमची बंद, पोटावर पिशवी.

रुपरावांनी जिवाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बाहेर आलो, उसाचा रस घेतला, तो हातातच धरून म्हणाले, "इवाई, पोटाले पिशवी लावलेल्या माणसाच्या हातचं पंगतीत कोण खाईन?"

"खातील न जी."

"मी नाई खाणार. मंग लोकाले कोणत्या तोंडानं म्हणू?"

एसटीत असताना प्रवासी विचारायचे, गाडी केव्हा पोहोचेल. रुपरावांनी जन्मात कधी वेळ सांगितली नाही. "बसा, पोचते," एवढंच. आता स्वतः प्रवासी झाले तर त्यांना वेळ पाहिजे होती. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारलं, "मी विरघळणाऱ्यात का उरणाऱ्यात?"

"तेच आधी ओळखता यावं म्हणून सगळीकडे धडपड चालली आहे, आजोबा," डॉक्टर म्हणाल्या. मग सांगितलं की जुन्या रुग्णांच्या गाठींचे ढीगभर फोटो एका संगणकाला दाखवलेत. कोणाची विरघळली, कोणाची उरली, तेही सांगितलंय. आता नवा फोटो दाखवला की तो अंदाज करतो. "अजून शिकाऊ आहे. त्याच्या भरवशावर मी इलाज ठरवत नाही. पण ऐकायचंच असेल तर तुमच्यासाठी तो म्हणतो, शंभरात साठ."

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो. आमच्या शाळेत साठ टक्के मिळाले की गुरुजी घरी येऊन चहा पीत. रुपराव मात्र उरलेल्या चाळिसांचाच विचार करत बसले.

रेडिएशनला दवाखान्यातल्या बाकावर सगळे 'शेक' म्हणत. तो घ्यायला रोज जायचं, म्हणून रुपरावांचा मुक्काम आमच्या घरी. आता नीट लक्षात घ्या. इवाई मुक्कामाला. माझ्या बायकोच्या, शोभाच्या, अंगातच आलं. आज गोळाभात, उद्या पाटवडीचा रस्सा, परवा झुणका आणि वर तळलेले वडे. म्हणजे हरभऱ्याची डाळ कोणत्या कोणत्या रूपात पानात येऊ शकते, ते मी लग्नाला पन्नास वर्षं होऊन तेव्हा पाहिलं. "घ्या न जी इवाई, एवढ्यानं काय होते." ज्या माणसानं उभ्या जन्मात कोणाचं 'नको' ऐकलं नाही, त्याला स्वतःला 'नको' म्हणताच येईना. हात आडवे धरून पाहिले. पण शोभाच्या हातात गोळाभातावर घालायच्या कढत तेलाची पळी. हात आपोआप बाजूला.

तिकडे दवाखान्याचा नियम असा, की शेकाच्या वेळी मूत्राशय पाण्यानं भरलेलं पाहिजे आणि आतडं रिकामं, तरच गाठ ठरल्या जागी येते. पाण्यानंच पहिली पंचाईत केली. ड्रायव्हर लोक गाडीवर पाणी पीत नाहीत, मध्येच गाडी थांबवणार कुठे? ती सवय हाडात गेलेली. बाकावर सगळे पाणी पिऊन, गुडघे आवळून, छताच्या पंख्याकडे बघत बसलेले, आणि रुपराव औषध घ्यावं तसे घोट घेतायत.

त्या बाकावर कुहीकडची प्रेमिला भेटली. घरी धानाची शेती, वयानं आमच्या लेकीएवढी, गाठही तीच. तिला संगणकानं ऐंशी सांगितले होते. रुपराव म्हणाले, "बाई, माह्याशी अदलाबदल करतं का?"

"करतो न जी. पण मंग माहा नवराबी घ्या लागन."

बाकावर सगळे हसले, आणि पोटात पाणी धरून हसणं काय असतं ते तिथे बसल्याशिवाय कळायचं नाही. दोघं तर उठून पळालेच.

तर शेकाआधी मशीन आतला फोटो काढतं. रुपरावांचा फोटो निघाला की मशीनवरचा माणूस बाहेर. "आजोबा, गॅस आहे. फिरून या." रुपराव व्हरांड्यात फिरत. दुसऱ्या दिवशी तेच. एक दिवस तर फिरून फिरून पाय दुखले, शेक काही झाला नाही, आणि आम्ही तसेच परत. शेवटी डॉक्टर हिमानी स्वतः बाकापाशी आल्या. "आजोबा, जेवता काय?"

"वरण-भात," रुपराव म्हणाले.

इहिनीच्या, म्हणजे आपल्या सुनेच्या आईच्या, हातच्या जेवणाला परक्यासमोर नाव कसं ठेवायचं, म्हणून तो भला माणूस खोटं बोलत होता, आणि मला ते कळत होतं.

प्रेमिला म्हणाली, "डॉक्टरबाई, हे इवायाच्या घरी उतरून राहिले. इवायाले वरण-भात कोण देते?"

डॉक्टरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग मी गोळाभातापासून सगळी यादी सांगितली. त्या ऐकत गेल्या आणि कपाळावरचा हात काही खाली आला नाही.

"संगणकाचा अंदाज ह्यांच्या गाठीचा आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरच्या पंगतीचा त्यात हिशोब धरलेला नाही. गाठ रोज गॅसनं सरकली तर किरण भलतीकडे जातील, म्हणून मी शेक थांबवते. असे शेक चुकत गेले, तर साठातले किती उरतील ते मला विचारू नका."

घरी येऊन मी शोभाला सांगितलं. ती फुगली. "इवायाले दुधी-भोपळा वाढू? लेकीनं विचारलं तर काय सांगू?"

रुपरावांनी हात जोडले. "इहिनबाई, पिशवी लागली तर ऋतूच्या लग्नात मी बादलीले हात लावणार नाई."

शोभा आत गेली. दुसऱ्या दिवशी पानात मऊ भात आणि दुधी. आग्रह मात्र गेला नाही, तो पाण्यावर गेला. निघायच्या वेळी दारात तांब्या घेऊन उभी. "घ्या न जी, आणखी एक. एवढ्यानं काय होते." तेव्हापासून रुपरावांचे फोटो असे निघू लागले की मशीनवाला म्हणाला, ह्यांना बघून बाकीच्यांना शिकवतो.

शेक संपले. पावसाळ्यात तपासणी झाली. प्रेमिलाची गाठ उरली होती. ऑपरेशन झालं, पिशवी लागली. रुपरावांच्या जागी एक पुसटसा व्रण, नक्की सांगता येईना. डॉक्टर म्हणाल्या थांबू या. ते थांबणं फार वाईट गेलं. दिवाळीच्या आधी पुन्हा पाहिलं तर जागा साफ.

"आता ऑपरेशन नको. पण तपासणी चुकवायची नाही, गाठ परत डोकं वर काढू शकते," डॉक्टर म्हणाल्या.

रुपराव खुश व्हायचं सोडून म्हणाले, "साठवाला सुटलो अन् ऐंशीवाली अडकली. हे कोणतं गणित, बाई?"

"ऐंशी म्हटलं तरी वीस जण उरतातच, आजोबा. ते वीस कोण, ते त्याला अजून नीट ओळखता येत नाही. मलाही नाही."

लग्न नरखेडला झालं. हल्लीसारखा बुफे होता, पण पहिली पंगत जमिनीवर, रुपरावांच्या हट्टानं. कमरेला टॉवेल, डाव्या हातात बादली, सगळं जुनंच. फक्त वाढायची तऱ्हा नवी. प्रत्येकाला वाकून विचारायचं, "चालन का? वाढू का?" आणि कोणी नुसती बोटं हलवली की पुढे. पंगतीत कुजबुज सुरू झाली. गावातले सगळ्यांत म्हातारे भैयाजी पानाकडे बघून म्हणाले, "रुपराव, वाढून राहिले का परसाद वाटून राहिले?"

"नको म्हणणाऱ्याचं ऐकलं पाहिजे, भैयाजी. मी शिकलो आता."

"मी कुठं नको म्हटलं? पयले वाढा तर. मंग नको म्हणतो."

एवढ्यात पलीकडच्या रांगेतून कोणीतरी पुऱ्या वाढत आलं. प्रेमिला. रुपरावांनीच बोलावलं होतं तिला, नवऱ्यासोबत आली होती. पाहुणी म्हणून बसायचं सोडून तिनं पुऱ्यांची टोपली उचलली होती. भैयाजींच्या पानात दोन टाकल्या, ते हात आडवा करेपर्यंत तिसरीही टाकली. रुपराव बादली धरून तिच्याकडे बघतच राहिले.

"काय पाहून राहिले जी?" ती म्हणाली. "डॉक्टरबाई वजन उचलू देत नाई, म्हणून बादली नाई घेतली. टोपली चालते."

रुपरावांनी आवाज उतरवला. "अन् पिशवी?"

"आहे न. पुरीले काय समजते?"

भैयाजी पुरी मोडून खात होते. शेजारचे खात होते. रुपरावांनी एकदा पंगतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. पंगत उठेपर्यंत वाढणाऱ्यानं तोंडात घास घालायचा नाही, हा त्यांचाच नियम, तालुक्यात सगळ्यांना माहीत. त्यांनी बादली खाली ठेवली, टॉवेलला हात पुसला आणि प्रेमिलापुढे धरला.

"मले दे एक."

तिनं दोन दिल्या. उभ्यानं खाल्ल्या त्यांनी, दोन्ही, कोरड्याच. मग बादली उचलून भैयाजींपुढे वाकले आणि पळी भरून बुंदी घातली. वर आणखी एक.

"नको, नको," म्हणत भैयाजींनी पानावर दोन्ही हात आडवे धरले.

रुपरावांनी बोटांच्या फटी शोधल्या.