उटण्यानं पुसलेल्या खुणा

नवरा गेल्यापासून लोक त्याच्या धीराचं कौतुक करतात. मला आठवते ती त्याची दिवाळीतली अंघोळ.

छातीतली लसिकाग्रंथी वाढण्याचा दुर्मीळ आजार त्याला होता. ऑपरेशनमध्ये हृदयाजवळचा एक तुकडा काढता आला नाही, म्हणून सांगलीला रेडिएशन चालू होतं. किरण नेमके तिथंच पडावेत म्हणून छातीवर शाईच्या खुणा होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रहिमतपूरला गेलो. नरकचतुर्दशीच्या पहाटे सासूबाईंनी अर्धवट झोपेतल्या लेकाला पाटावर बसवून उटण्यानं खसाखसा घासलं. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत छाती लख्ख.

"अहो आई, खुणा होत्या त्या!"

"मला वाटलं, दवाखान्यात पोराला कुणी न्हाऊच घातलं न्हाई."

सांगलीत रेडिएशनचं यंत्र चालवणाऱ्या पोरानं कपाळाला हात लावला. "काका, आता पुन्हा स्कॅन. अंदाजानं किरण सोडले तर हृदय भाजेल. पुसल्या कशा?"

"नरक टाळायचा होता," नवरा म्हणाला. "तुमच्या यंत्रावर आईचा भरवसा नाही."

नव्या खुणा काढल्या. मग उपचार संपेपर्यंत सासूबाई आमच्याकडे येऊन राहिल्या आणि त्यांनी लेकाच्या गळ्याखाली पाण्याचा थेंब पडू दिला नाही. त्याच्या अंगाला असा वास यायला लागला, की मी पुस्तक घेऊन बाहेर ओट्यावर बसू लागले. तुकडा मात्र वाढायचा थांबला आणि तो घाणेरडा माणूस मला आणखी काही वर्षं मिळाला.